लघुग्रहांची गिरकी : लुकलुकत्या ठिपक्याचे गणित

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारे लाखो लघुग्रह म्हणजे सूर्यमालेच्या जन्मकाळातील शिल्लक राहिलेली सामग्री होय. त्यांच्यापैकी काहींच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेजवळून जातात, तर काहींच्या ती ओलांडून जातात. सेरेस, व्हेस्टा यांसारखे मोजके मोठे लघुग्रह सोडले, तर उत्तम दुर्बिणीतूनही लघुग्रह हा प्रकाशाचा केवळ एक ठिपका दिसतो. विल्यम हर्शेल यांनी १८०२ मध्ये या वस्तूंना इंग्रजीत जे नाव सुचवले, त्याचा अर्थही ‘ताऱ्यासारखा’ असाच आहे.

या ठिपक्यावर डोंगर दिसत नाही, विवर दिसत नाही, कडाही दिसत नाही. तरीही हा लघुग्रह स्वतःभोवती किती वेळात एक फेरी पूर्ण करतो, कोणत्या दिशेने फिरतो, त्याचा अक्ष अवकाशात कोठे रोखलेला आहे आणि त्याची घडण साधारणपणे कशी आहे, हे खगोलशास्त्रज्ञ सांगू शकतात. हे सारे ज्ञान प्रामुख्याने एकाच गोष्टीतून मिळते. ती म्हणजे त्या ठिपक्याच्या तेजस्वितेत ठरावीक काळाने होणारा चढउतार. हा चढउतार वेळेच्या संदर्भात आलेखावर मांडला, की जी रेषा मिळते तिला ‘प्रकाशवक्र’ असे म्हणतात.

हा विषय निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. एखादा लघुग्रह पुढील शतकात पृथ्वीला धडकेल काय, त्याच्यावर यान उतरवता येईल काय, त्याला धक्का देऊन त्याचा मार्ग बदलता आला काय, या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्याच्या गिरकीचा हिशेब आधी मांडावा लागतो.

एरॉसने घातलेले कोडे

१३ ऑगस्ट १८९८ रोजी बर्लिनमधील गुस्ताव विट यांनी एरॉस या लघुग्रहाचा शोध लावला. तो पृथ्वीच्या बराच जवळ येत असल्यामुळे १९०० - ०१ च्या हंगामात जगभरच्या वेधशाळांनी त्याच्याकडे दुर्बिणी वळवल्या. सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर अधिक अचूकपणे मोजणे हा त्यामागचा हेतू होता. १९०१ च्या आरंभी एगॉन फॉन ओपोल्झर यांच्या असे लक्षात आले, की एरॉसची तेजस्विता काही तासांतच ठळकपणे कमीजास्त होते. हा चढउतार त्या काळात दीड प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे चौपट होता. पुढे काही महिन्यांतच तो मंदावत जाऊन जवळजवळ नाहीसा झाला.

लघुग्रह स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. तो सूर्यप्रकाश परावर्तित करतो. मग त्याची तेजस्विता बदलावी कशी, आणि बदलणे थांबावे तरी कसे? एरॉस लांबट आहे आणि ५ तास १६ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या अक्षात आहे. एरॉसचा अक्ष त्याच्या कक्षेच्या पातळीत जवळजवळ आडवा पडलेला आहे. त्यामुळे कधी आपल्याला त्याचा विषुववृत्तीय भाग दिसतो, तर कधी ध्रुव. ध्रुवाच्या बाजूने पाहिले असता तीच बाजू सतत समोर राहते व चढउतार संपतो. शतकानंतर, १४ फेब्रुवारी २००० रोजी ‘निअर शूमेकर’ हे यान एरॉसभोवती फिरू लागले. सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद असा तो दगड छायाचित्रांत दिसला, तेव्हा जुन्या निरीक्षणांचा अर्थ डोळ्यांसमोर आला.

वरवंट्याचा दाखला

अंधाऱ्या खोलीत जमिनीवर एक वरवंटा आडवा ठेवून त्याला गिरकी द्यावी आणि आपल्या पाठीमागून त्याच्यावर दिव्याचा झोत टाकावा. वरवंट्याची लांब बाजू समोर आली, की अधिक पृष्ठभाग उजळलेला दिसतो. टोक समोर आले, की कमी. एका पूर्ण फेरीत लांब बाजू दोनदा समोर येते आणि टोकही दोनदा. म्हणून लांबट वस्तूच्या प्रकाशवक्रात एका फेरीत दोन शिखरे व दोन दऱ्या दिसतात. बहुसंख्य लघुग्रहांचे प्रकाशवक्र असेच दुहेरी असतात.

शिखर व दरी यांतील फरकावरून लघुग्रह किती लांबट आहे याचा अंदाज करता येतो. खगोलशास्त्रात तेजस्विता ‘प्रती’च्या मापात सांगतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभर पटींचा फरक. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेला लघुग्रह विषुववृत्ताच्या बाजूने पाहिल्यास सुमारे ०.७५ प्रतीचा चढउतार दाखवतो. लांबी दीडपट असेल तर तो ०.४४ प्रतीचा होतो. जवळजवळ गोल असलेल्या सेरेसचा चढउतार ०.०४ प्रतीच्या आसपास, म्हणजे अगदी नगण्य आहे. याच्या अगदी उलट उदाहरण ऑक्टोबर २०१७ मध्ये सापडलेल्या ‘ओउमुआमुआ’ या सूर्यमालेबाहेरून आलेल्या वस्तूचे. तिची तेजस्विता सुमारे दहापट कमीजास्त होत असे. ती विलक्षण लांबट किंवा विलक्षण चपटी असावी, हा तर्क याच एका आकड्यावर उभा आहे.

मात्र येथे सावधगिरी आवश्यक आहे. आपण लघुग्रहाकडे तिरक्या कोनातून पाहत असलो, तर चढउतार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. सूर्य बाजूने प्रकाश टाकीत असेल, तर सावल्यांमुळे तो वाढतो. त्यामुळे एकाच रात्रीच्या प्रकाशवक्रावरून आकाराविषयी ठाम विधान करणे धोक्याचे ठरते.

मोजणी कशी करतात?

१९५० च्या सुमारास जेरार्ड कायपर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रकाशविद्युत उपकरणांच्या साहाय्याने लघुग्रहांचे पद्धतशीर प्रकाशमापन सुरू केले. नंतर सीसीडी कॅमेरा आला आणि हे काम वीस-तीस सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीनेही शक्य झाले.

पद्धत तत्त्वतः सोपी आहे. लघुग्रहाची छायाचित्रे रात्रभर ठरावीक अंतराने घेतली जातात. प्रत्येक छायाचित्रात लघुग्रहाच्या ठिपक्यातून किती प्रकाश आला, याची तुलना त्याच चौकटीतील स्थिर तेजस्वितेच्या ताऱ्यांशी करतात. विरळ ढग आला किंवा लघुग्रह क्षितिजाकडे कलला, तर लघुग्रह व तारे दोन्ही सारखेच मंद होतात. त्यांच्यातील फरक कायम राहतो. म्हणून ही तुलनात्मक मोजणी हवामानाच्या लहरीपासून बऱ्याच अंशी सुरक्षित असते.

यानंतर तीन दुरुस्त्या कराव्या लागतात. लघुग्रहाचे सूर्यापासूनचे आणि पृथ्वीपासूनचे अंतर रोज बदलते, त्यामुळे तेजस्विताही बदलते; हा परिणाम हिशेबातून वजा करावा लागतो. दुसरी दुरुस्ती कलाकोनाची. सूर्य, लघुग्रह आणि पृथ्वी यांच्यातील कोन जितका मोठा, तितका लघुग्रहाचा अंधारातील भाग आपल्याकडे अधिक येतो, आणि तो मंद होतो. तिसरी दुरुस्ती वेळेची. सूर्य-पृथ्वी अंतराइतके अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारे ८ मिनिटे १९ सेकंद लागतात. लघुग्रह दूर जात असेल तर त्याचा निरोप दररोज थोडा उशिरा पोहोचतो. ही दिरंगाई वजा केली नाही, तर परिवलनकाल चुकतो.

फेऱ्यांची गणती

समजा, एका लघुग्रहाचा परिवलनकाल पाच तासांच्या आसपास आहे आणि शिखराची वेळ तीन मिनिटांच्या अचूकतेने ठरवता येते. पहिल्या रात्री मिळालेल्या उत्तरात काही मिनिटांची चूक राहणारच. एका महिन्यानंतर तेच शिखर पुन्हा पाहिले, तर मधल्या काळात सुमारे १४४ फेऱ्या झालेल्या असतात. तीन मिनिटांची चूक आता १४४ फेऱ्यांत वाटली जाते आणि परिवलनकाल जवळजवळ एका सेकंदाच्या अचूकतेने मिळतो. वर्षानुवर्षांची निरीक्षणे जोडली, की ही अचूकता सेकंदाच्या अगदी लहान अंशापर्यंत जाते.

यात एक अट आहे. मधल्या काळात नेमक्या किती फेऱ्या झाल्या, हे निर्विवाद ठाऊक असले पाहिजे. १४४ की १४५, याविषयी शंका असेल तर दोन वेगवेगळे परिवलनकाल सारखेच पटणारे वाटतात. म्हणून अनुभवी निरीक्षक प्रथम सलग रात्री, मग काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी असे टप्प्याटप्प्याने अंतर वाढवत जातात.

पृथ्वीचा दिवसही या कामात अडथळा आणतो. ज्याचा परिवलनकाल बरोबर आठ तास आहे, तो लघुग्रह चोवीस तासांत तीन फेऱ्या करतो. एकाच गावातून रोज रात्री ठरावीक वेळी पाहणाऱ्याला त्याची तीच बाजू दिसत राहते, वक्राचा उरलेला भाग कधीच हाती लागत नाही. अशा वेळी वेगवेगळ्या रेखांशांवरील निरीक्षकांनी एकमेकांना साथ द्यावी लागते. एका देशात सूर्य उगवला, की दुसऱ्या देशातील दुर्बिणीने धागा पुढे न्यायचा. अतिशय संथ फिरणाऱ्यांच्या बाबतीत तर चिकाटीचीच कसोटी लागते. माथिल्ड या लघुग्रहाला एका फेरीस १७.४ दिवस लागतात, तर ग्लाउकेला सुमारे ५० दिवस.

अर्धी फेरी की पूर्ण?

एका फेरीत दोन शिखरे हा सामान्य नियम असला, तरी तो अटळ नाही. गोलसर लघुग्रहाची एक बाजू उजळ व दुसरी काळसर असेल, तर एका फेरीत एकच शिखर दिसते. व्हेस्टाच्या बाबतीत नेमका हाच वाद होता. त्याचा परिवलनकाल ५.३४ तास मानावा की त्याच्या दुप्पट, १०.६८ तास? पृष्ठभागावरील उजळ-काळसर भागांमुळे व्हेस्टाच्या वक्राला एका फेरीत एकच शिखर असते, आणि ५.३४ तास हाच खरा काल, असे अखेरीस निष्पन्न झाले.

ही दुपटीची चूक किती महाग पडू शकते, याचे ताजे उदाहरण ‘१९९८ केवाय २६’ या चिमुकल्या लघुग्रहाचे आहे. १९९८ मध्ये तो सापडला तेव्हा त्याचा व्यास सुमारे ३० मीटर आणि परिवलनकाल १०.७ मिनिटे असल्याचा निष्कर्ष निघाला होता. र्‍युगू लघुग्रहावरील नमुने डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर पोहोचवणारे जपानचे ‘हायाबुसा २’ हे यान २०३१ मध्ये याच लघुग्रहाला भेट देण्यासाठी निघाले आहे. २०२४ मध्ये तो पृथ्वीजवळून गेला, तेव्हा मोठ्या दुर्बिणींनी त्याचे पुन्हा प्रकाशमापन केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्याचा व्यास केवळ ११ मीटर असून तो सुमारे ५.३५ मिनिटांतच एक फेरी पूर्ण करतो. ज्याला अर्धी फेरी समजले जात होते, ती पूर्ण फेरी ठरली. एवढ्या वेगामुळे त्याच्या विषुववृत्तावर बाहेर फेकणारी प्रवृत्ती त्याच्या गुरुत्वाकर्षणाहून शेकडो पटींनी अधिक असणार. त्याच्यावर टेकू पाहणाऱ्या यानाच्या दृष्टीने हा फरक साधा नव्हे.

अक्ष कोठे रोखला आहे?

परिवलनकाल एका हंगामात मिळू शकतो. अक्षाची दिशा मात्र अनेक वर्षांची निरीक्षणे मागते. लघुग्रह सूर्याभोवती फिरत असताना आपण त्याच्याकडे दर खेपेस वेगळ्या बाजूने पाहतो. अक्ष आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात असेल, तेव्हा चढउतार सर्वाधिक असतो. अक्ष आपल्याकडे रोखलेला असेल, तेव्हा तो नाहीसा होतो. ध्रुवाच्या बाजूने पाहताना लघुग्रहाचा सर्वांत विस्तीर्ण चेहरा सतत समोर असल्यामुळे त्याची सरासरी तेजस्विताही वाढते. वेगवेगळ्या वर्षांतील चढउतार आणि सरासरी तेजस्विता यांची सांगड घातली, की अक्षाची दिशा ठरवता येते.

फिरण्याची दिशा ओळखण्यासाठी वेळेतील सूक्ष्म फरक कामी येतो. पृथ्वीचा ताऱ्यांच्या संदर्भातील परिवलनकाल २३ तास ५६ मिनिटे आहे, परंतु सूर्याच्या संदर्भातील दिवस २४ तासांचा. त्याचप्रमाणे लघुग्रहाचा आपल्याला दिसणारा परिवलनकाल आणि ताऱ्यांच्या संदर्भातील खरा परिवलनकाल यांत किंचित अंतर असते, आणि लघुग्रह आपल्या आकाशात जसजसा सरकतो तसतसे ते बदलते. सरळ फिरणाऱ्या लघुग्रहाच्या बाबतीत हा फरक एका बाजूस पडतो, तर उलट फिरणाऱ्याच्या बाबतीत विरुद्ध बाजूस.

तरीही एक संदिग्धता बहुधा उरते. लघुग्रह पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीपासून फारसा दूर जात नसेल, तर परस्परांपासून रेखांशात १८० अंश दूर असलेले दोन अक्ष सारखेच प्रकाशवक्र देतात. त्यांतून खरा निवडण्यासाठी रडारची किंवा पिधानाची मदत घ्यावी लागते. लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना तारा किती सेकंद झाकला गेला, हे निरनिराळ्या ठिकाणांहून मोजले, की त्याची बाह्याकृती मिळते. या कामात हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा आहे.

ठिपक्यातून आकार

१९०६ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी या प्रश्नाचे गणित मांडले आणि निराशाजनक उत्तर दिले. लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेस असतानाची निरीक्षणे कितीही असली, तरी चढउतार आकारामुळे आहे की पृष्ठभागावरील डागांमुळे, हे त्यांवरून ठरवता येणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आकार ओळखण्याच्या बाबतीत पुढे कित्येक दशके हा निष्कर्ष अखेरचा मानला गेला.

रसेल यांचे गणित चुकलेले नव्हते, पण ते एका विशिष्ट स्थितीपुरते मर्यादित होते. सूर्यप्रकाश तिरपा पडत असताना लघुग्रहावर उजेड व अंधार यांची सीमारेषा दिसते आणि तिच्या वळणांत आकाराची माहिती दडलेली असते. फिनलंडचे गणितज्ञ मिक्को कासालाइनेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये अशा निरीक्षणांवरून परिवलनकाल, अक्ष आणि आकार ही तिन्ही एकत्रितपणे शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. संगणक लघुग्रहाचा एक बहुपैलू नमुना घेतो, त्याचे कल्पित प्रकाशवक्र काढतो, प्रत्यक्ष वक्रांशी ताडून पाहतो आणि दोन्ही जुळेपर्यंत नमुना बदलत राहतो.

या पद्धतीची परीक्षा इतोकावा या लघुग्रहाने घेतली. जपानचे ‘हायाबुसा’ यान २००५ मध्ये तेथे पोहोचण्यापूर्वीच प्रकाशवक्रांवरून सांगण्यात आले होते, की हा लघुग्रह सुमारे १२.१ तासांत एक फेरी करतो, उलट दिशेने फिरतो आणि रुंदीच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. यानाने प्रत्यक्ष मोजलेली मापे ५३५, २९४ आणि २०९ मीटर अशी निघाली. अंदाज खरा ठरला. इतोकावाच्या मध्यभागी असलेला खोलगट ‘मानेचा’ भाग मात्र आधी कळला नव्हता. या गणितातून सहसा फुगीर, खड्डे नसलेला आकारच मिळतो. खोलगट भागांवर जणू कापड ताणून बसवल्यासारखा. ही या पद्धतीची मर्यादा आहे.

सव्वादोन तासांची वेस

हजारो लघुग्रहांचे परिवलनकाल एकत्र मांडले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. काही शे मीटरपेक्षा मोठे लघुग्रह जवळजवळ कधीच २.२ तासांपेक्षा कमी वेळात फेरी पूर्ण करीत नाहीत. पेटर प्रावेत्स आणि अ‍ॅलन हॅरिस यांनी २००० मध्ये याचा अर्थ विशद केला. बरेचसे लघुग्रह म्हणजे एकसंध खडक नसून गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेले दगडगोट्यांचे ढिगारे आहेत. असा ढिगारा फार वेगाने फिरू लागला, तर त्याच्या विषुववृत्तावरील दगड सुटून जातात. पाण्याच्या दुप्पट घनतेच्या ढिगाऱ्यासाठी ही मर्यादा सुमारे २.३ तासांची येते. घनता वाढली की ती थोडी खाली सरकते. निरीक्षणे आणि गणित यांचा मेळ बसतो.

म्हणजेच, लघुग्रहाला स्पर्शही न करता त्याच्या अंतरंगाविषयी काही सांगता येते. ही वेस ओलांडणारा लघुग्रह सापडला, तर तो घट्ट बांधलेला असला पाहिजे. लहान खडकांच्या बाबतीत हे नित्याचे आहे. २००८ मध्ये पाहिलेला ‘२००८ एचजे’ हा छोटा खडक ४२.७ सेकंदांत एक फेरी करीत होता. मोठ्या लघुग्रहांत मात्र असे अपवाद विरळा. म्हणूनच चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या सुरुवातीच्याच निरीक्षणांत सापडलेल्या ‘२०२५ एमएन ४५’ ने लक्ष वेधून घेतले. सुमारे ७१० मीटर व्यासाचा हा लघुग्रह अवघ्या १.८८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो, असे जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाले. तो एकसंध खडकासारखा मजबूत असल्याखेरीज हे शक्य नाही.

सर्वच लघुग्रह भोवऱ्यासारखे एका अक्षावर फिरत नाहीत. तुतातिससारखे काही लघुग्रह अवकाशात कोलांट्या खात जातात. त्यांच्या प्रकाशवक्रात दोन वेगवेगळे काल एकमेकांत गुंतलेले असतात आणि एकच चित्र पुन्हा जसेच्या तसे येत नाही.

उन्हाचा हलका हात

सूर्यप्रकाशाने लघुग्रहाचा पृष्ठभाग तापतो आणि ती उष्णता तो पुन्हा अवकाशात सोडतो. बाहेर पडणाऱ्या या प्रारणाचा अतिशय सूक्ष्म धक्का लघुग्रहाला बसतो. त्याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम गिरकीवर. ओबडधोबड आकारामुळे हे धक्के सर्व बाजूंनी सारखे नसतात, त्यामुळे पवनचक्कीच्या पात्यांप्रमाणे लघुग्रहाचा वेग हळूहळू वाढतो किंवा घटतो. यार्कोव्स्की, ओकीफ, राड्झिएव्स्की आणि पॅडॅक या चौघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘यॉर्प परिणाम’ म्हणतात. २००७ मध्ये त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. सुमारे १२ मिनिटांत फेरी करणाऱ्या एका छोट्या लघुग्रहाचा परिवलनकाल दरवर्षी साधारण एक सहस्रांश सेकंदाने कमी होत असल्याचे आढळले. त्या लघुग्रहाला पुढे ‘यॉर्प’ हेच नाव मिळाले. त्याच वर्षी अपोलो या लघुग्रहाच्या जुन्या-नव्या प्रकाशवक्रांवरून दिसून आले, की त्याचा वेग वाढत असून चाळीस वर्षांत त्याची एक फेरी जास्तीची होते. दशकांपूर्वी कुणीतरी काळजीपूर्वक नोंदवून ठेवलेले आकडे असे कामी येतात.

दुसरा परिणाम कक्षेवर. लघुग्रहाची दुपारनंतरची बाजू अधिक तापलेली असते आणि तिच्याकडून मिळणारा धक्का लघुग्रहाला पुढे किंवा मागे ढकलतो. सरळ फिरणाऱ्याची कक्षा हळूहळू विस्तारते, उलट फिरणाऱ्याची आकुंचन पावते. याला यार्कोव्स्की परिणाम म्हणतात. सुमारे ३४० मीटर आकाराच्या अपोफिस या लघुग्रहाविषयी २००४ पासून जी चिंता होती, तिचे निराकरण करताना हाच परिणाम निर्णायक ठरला. अपोफिस उलट दिशेने, आणि तोही कोलांट्या खात फिरतो, हे प्रकाशवक्रांवरून निश्चित झाले. त्याची कक्षा वर्षाला सुमारे २०० मीटरनी आकुंचन पावते. हे माप आणि २०२१ मधील रडार निरीक्षणे एकत्र केल्यावर २०६८ मधील टकरीची शक्यता निकालात निघाली. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही अलीकडून, सुखरूप निघून जाईल. पृथ्वीच्या ओढीने त्याची गिरकी बदलते काय, हे त्या भेटीच्या आधीचे व नंतरचे प्रकाशवक्र सांगतील.

जोडगोळी आणि एक मुद्दाम घडवलेली टक्कर

काही प्रकाशवक्रांत नेहमीच्या चढउताराखेरीज ठरावीक वेळाने येणाऱ्या छोट्या घसरणी दिसतात. लघुग्रहाला उपग्रह असेल आणि तो त्याच्यासमोरून वा मागून जात असेल, तर ग्रहणासारखी स्थिती होऊन एकूण प्रकाश घटतो. डिडिमॉस या लघुग्रहाचा उपग्रह २००३ मध्ये अशाच घसरणींवरून ओळखला गेला आणि रडारने त्याला दुजोरा दिला. डिडिमॉस २.२६ तासांत फिरतो, म्हणजे वर सांगितलेल्या वेशीच्या अगदी जवळ. त्याच्या सुमारे १६० मीटरच्या उपग्रहाला डिमॉर्फोस हे नाव देण्यात आले. मूळ लघुग्रहापासून तो जेमतेम १.२ किलोमीटरवर आहे.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान डिमॉर्फोसवर जाणीवपूर्वक आदळवण्यात आले. धडकेने त्याचा मार्ग खरोखर बदलला काय, हे सांगण्यासाठी तेथे कोणतेही यान कक्षेत थांबलेले नव्हते. उत्तर मिळाले ते पृथ्वीवरील दुर्बिणींतून. दोन्ही वस्तू मिळून एकच ठिपका दिसत होता आणि त्याच्या तेजस्वितेतील घसरण काही टक्क्यांचीच होती. त्या घसरणींच्या वेळा मोजल्या, तेव्हा डिमॉर्फोसचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाल ११ तास २३ मिनिटांवर आल्याचे स्पष्ट झाले. मोहीम यशस्वी ठरण्यासाठी किमान ७३ सेकंदांचा बदल अपेक्षित होता. प्रत्यक्षात तो अर्ध्या तासाहून अधिक निघाला. माणसाने एका खगोलीय वस्तूचा मार्ग बदलल्याचा हा पहिला पुरावा होता. तेथे धडकेचे परिणाम जवळून पाहण्यासाठी युरोपचे ‘हेरा’ यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी रवाना झाले.

अनेक हातांचे काम

एकेका लघुग्रहामागे रात्रीच्या रात्री घालवण्याची जुनी रीत आता एकटी उरलेली नाही. युरोपच्या ‘गाया’ दुर्बिणीने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणे थांबवण्यापूर्वी लाखाहून अधिक लघुग्रहांची तेजस्विता अतिशय अचूकपणे टिपली. अशी निरीक्षणे सलग नसतात. वर्षभरात मोजके बिंदू मिळतात. परंतु ते अनेक वर्षांत आणि अनेक कोनांतून घेतलेले असल्याने त्यांवरून हजारो लघुग्रहांचे अक्ष व आकार काढता आले. रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण ही संख्या आणखी वाढवील. भारतात लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून उभारलेली ७० सेंटिमीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ ही स्वयंचलित दुर्बीण पृथ्वीनिकटच्या लघुग्रहांचाही मागोवा घेते.

या साऱ्यात लहान दुर्बिणींचे महत्त्व ओसरलेले नाही. मोठ्या सर्वेक्षणाला विरळ बिंदू मिळतात. सलग चार रात्री एकाच लघुग्रहावर नजर रोखून ठेवणे त्याला परवडत नाही. तेथे गच्चीवर वीस-पंचवीस सेंटिमीटरची दुर्बीण आणि सीसीडी कॅमेरा लावून बसलेला हौशी निरीक्षक उपयोगी पडतो. त्याने अचूक वेळेसह नोंदवलेला एखादा वक्र आज सामान्य वाटेल. परंतु अपोलोच्या उदाहरणाने दाखवून दिल्याप्रमाणे, त्याची खरी किंमत कदाचित चाळीस वर्षांनी कळेल.